चौथा दगड

नॉरफोकहून निघालो तेव्हा निवांत ऊन होते. करिटक खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडून आउटर बँक्सच्या वाळूच्या पट्ट्यावर आलो, गाडीचे दार उघडले, आणि वाऱ्याने ते हातातून ओढूनच घेतले. विल्बर आणि ऑर्व्हिल हे राइट बंधू ओहायोतल्या डेटनहून 1900 पासून इथे येत राहिले ते ह्याच वाऱ्यासाठी. वारा, मऊ वाळू आणि एकांत, तिन्ही त्यांना हवे होते.

आपण लहानपणापासून ‘किटी हॉक’ हे नाव ऐकतो. ते त्या वेळचे जवळचे गाव. त्यांच्या विमानाचे पहिले उड्डाण झाले ते तिथून चारेक मैल दक्षिणेला, किल डेव्हिल हिल ह्या टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर 60 फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ आहे आणि बहुतेक जण आधी तिकडेच चढतात. मीही चढलो. ही टेकडी म्हणजे मुळात सरकत्या वाळूचे टेकाड. स्तंभ उभारण्याआधी गवत लावून तिला जागच्या जागी थोपवावे लागले. ह्याच उतारावरून दोघे भाऊ 1902 मध्ये ग्लायडर घेऊन शेकडो वेळा तरंगत खाली आले.

पण माझा जीव अडकला तो खालच्या सपाटीवर. 17 डिसेंबर 1903 रोजी विमान जिथून उठले तिथे एक मोठा दगड आहे. पुढे एका रेषेत चार लहान दगड, त्या दिवशीची चार उड्डाणे जिथे टेकली त्या जागी. पहिल्या दगडापर्यंत पावले मोजत गेलो. पन्नासच भरली. 120 फूट, 12 सेकंद. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांएवढेही नाही! आणि त्या पन्नास पावलांमागे चार वर्षे: पतंग, ग्लायडर, त्यांच्या सायकलच्या दुकानात बनवलेला वाऱ्याचा बोगदा, त्यांचा कारागीर चार्ली टेलर ह्याने तिथेच घडवलेले बारा अश्वशक्तीचे इंजिन. तीनच दिवस आधी विल्बरचा प्रयत्न फसून विमान मोडले होते. ते दुरुस्त करून, डबकी गोठवणाऱ्या थंडीत ऑर्व्हिल खालच्या पंखावर पालथा पडला, आणि विल्बर पंखाला हात देत शेजारून धावला. बघायला पाच माणसे. त्यांतल्या जॉन डॅनियल्स ह्या जीवरक्षक ठाण्यावरच्या माणसाने टिपलेला फोटो आज सगळ्या जगाच्या ओळखीचा आहे.

दुसरा आणि तिसरा दगड जवळजवळच आहेत, 175 आणि 200 फुटांवर. मग चौथ्याकडे निघालो, आणि चालतच राहिलो. 852 फूट, 59 सेकंद, विल्बर. तिथून मागे वळून पाहिले तर सुरुवातीचा दगड एवढासा दिसत होता. माझ्या लेखी खरे उड्डाण हेच. इथे माणूस हवेत टिकला. थोड्याच वेळाने जमिनीवर उभे असलेले ते विमान वाऱ्याच्या झोताने उलथेपालथे झाले आणि पुन्हा कधीच उडाले नाही.

कधी गेलात तर स्तंभाकडे नंतर वळा. आधी वाऱ्याला तोंड देत तिसऱ्या दगडापासून चौथ्यापर्यंत चालत जा.