टेपखालची अक्षरं

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी घंगाळ्याचे फोटो काढत होतो. मठारकाम झालेल्या तांब्यावर हातोडीचा प्रत्येक ठोका एक बारीक आरसा होऊन बसतो. घरी येऊन फोटो संगणकावर मोठे करून पाहिले, तर घंगाळ्याच्या पोटावर जागोजाग पांढरे ठिपके, आणि गुळगुळीत काठावर माझ्या कॅमेऱ्याचं नाव, उलटं पण स्पष्ट. तासाभराचं काम वाया गेलं होतं.

त्याच रात्री त्या नावावर काळी टेप चिकटवली. पहिल्यांदा वायरमनची टेप लावली, ती चूक. ती स्वतःच चकाकते आणि मे महिन्यात तिचा गोंद वितळून बोटांना लागतो. शूटिंगवाले वापरतात ती कापडी गॅफर टेप घ्यावी. तिचे कोपरे गोल कापले की ते लवकर उचलले जात नाहीत. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरची मोठाली पिवळी अक्षरं तर आणखी दुरून दिसतात. मी साधा काळा पट्टा लावला. काचेआडच्या वस्तू टिपतानाही या सगळ्याचा उपयोग होतो.

पण टेप आजही निघालेली नाही, त्याचं कारण वेगळं आहे.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत क्रोमवर काळी टेप लावत. 1948च्या जानेवारीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांत ते दिल्लीत होते. तशा वेळी, तशा माणसांसमोर कॅमेरा चमकू नये, ही मला त्या कलेतली सभ्यता वाटते. पुढे लायका कंपनीनेच समोर आपल्या नावाचा लाल ठिपका नसलेले कॅमेरे काढले. 2018चा एम10-पी त्यातलाच. टेपने कॅमेरा अदृश्य होतो असं मात्र मी मानत नाही. माझा कॅमेरा चांगला मोठा आहे, तो दिसतोच. आणि विचारल्याशिवाय मी कुणाच्या कामाचा फोटो काढत नाही, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्नच नाही. टेपने एवढंच होतं की समोरच्या माणसाला वाचायला काही उरत नाही.

आधी ते उरत असे. आळीतले एक म्हातारे कारागीर हातोडी थांबवून ते नाव न्याहाळायचे. “साहेब, केवढ्याला बसला?” मी आकडा सांगायचो आणि आमच्यात तो आकडा येऊन बसायचा. नंतरच्या फोटोंत त्यांचे खांदे ताठ, नजर माझ्याकडे. हात काम करताहेत, पण मन त्यात नाही.

टेप लावून गेलो तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भांड्याकडे वळले. बराच वेळ नुसते ठोके पडत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, “तिथं कशाला बसलायस? इकडं ये. ठोका पडतो ती बाजू इकडं आहे.”