एका सुताची जागा

शिरूरमधल्या एका निवृत्त मास्तरांनी हौसेनं घरी केलेलं पहिलं काचेचं कपाट ऑगस्टमधल्या एका रात्री आपोआप तडकलं. कुणी हात लावला नव्हता, मांजरही फिरकलं नव्हतं. सकाळी पाहतात तो दर्शनी काचेच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली चीर तिरकी वर चढलेली. आत त्यांच्या आईनं पोळ्यासाठी केलेले मातीचे बैल मात्र जागच्या जागी उभे होते.

मास्तर चार दिवस काचवाल्यावर चिडून होते. कपाट खोललं तेव्हा खरी भानगड कळली. तळाची सागाची एक फूट रुंद अखंड फळी त्यांनी मे महिन्याच्या रखरखाटात, चारी बाजूंनी फेव्हिकॉल लावून आणि चुका ठोकून घट्ट बसवली होती. पावसाळी हवेत लाकूड फुगतं; लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. एवढी रुंद फळी एका सुतापर्यंत वाढू शकते. फळीला जागा मिळेना, तिनं पुढची चौकट रेटली, चौकट पिळली आणि खाचेत गच्च बसलेल्या काचेनं जीव सोडला.

सूत हे सुतारकीतलं माप. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. दुसरं कपाट मास्तरांनी याच मापात मांडलं. तळाची फळी आता चौकटीच्या खाचेत नुसती सरकवली, पुढेमागे अर्धा अर्धा सूत मोकळी ठेवली, तिला फेव्हिकॉलचा थेंबही लावला नाही. काचही खाचेपासून खाचेपर्यंतच्या मापाहून एक सूत लहान. जुन्या वाड्यांच्या दारांत तक्ते असेच चौकटीत सैल बसवलेले असतात. अशी दारं मास्तरांनी आयुष्यभर पाहिली होती, फक्त त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

लाकूड आलं दौंड तालुक्यातल्या एका उतरवलेल्या वाड्याचं. न्हावरे-चौफुला रस्त्यानं टेम्पोत घालून आणलेली तुळई वरून काळीठिक्कर होती. रंधा मारला तसा आतून मधाच्या रंगाचा साग निघाला, तेलकट वास सुटला. जुन्या लाकडाचा एकच जाच: पोटात लपलेले खिळे. पहिल्याच दिवशी एका खिळ्यानं रंध्याच्या पात्याची धार मोडली. तेव्हापासून मास्तर करवतीआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवतात. आणि साग शंभर वर्षं जुना असला, तरी दमट हवेत फुगायचं विसरत नाही.

दर्शनी चौकट आतून तीन फूट बाय दोन फूट. पट्ट्यांना कुसू काढून सांधे केले. गुण्या लावला तर चारही कोपरे बरोबर दिसत होते, पण मोठ्या चौकटीत गुण्यावर विसंबता येत नाही. कोपऱ्यातली केसभर चूक दुसऱ्या टोकाला सूतभर होते. म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. या मापाच्या चौकटीचा कर्ण तीन फूट सव्वासात इंच भरायला हवा. तीस वर्षं फळ्यावर शिकवलेला पायथागोरस अशा रीतीनं घरकामाला आला. एक कर्ण लांब निघाला, तर फेव्हिकॉल ओला आहे तोवर त्याच कर्णावर क्लॅम्प आवळायचा. वाळल्यावर उपाय नाही.

काच कापताना पाहणं हा मास्तरांचा आवडता भाग. काचवाला चाकाच्या कटरला रॉकेल लावतो, पट्टी धरतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ओढतो. खर्र असा सलग आवाज आला की रेघ साधली. त्याच रेघेवरून चाक दुसऱ्यांदा फिरवायचं नाही. कडा फुटतात, चाकही जातं. मग रेघ टेबलाच्या कडेवर आणून हलकासा दाब द्यायचा. कटर नुसता ओरखडा काढतो, काच तिथून तुटते. चार मिलिमीटर जाडीची तीन बाय दोन फुटांची काच साडेपाच किलोंच्या आसपास भरते, म्हणून ती खालच्या पट्टीत रबराच्या दोन तुकड्यांवर टेकवली. आतून बारीक पट्ट्या लावल्या. त्यांच्या चुका लाकडात गेल्या, काचेला एकही शिवली नाही.

पुणे जिल्ह्याचं काचेशी नातं जुनं आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला, तोही लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीवर. मातीच्या वस्तू पेटीत जपणं तर शिरूर तालुक्यात त्याहून कितीतरी जुनं. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं 1968 पासून उत्खनन केलं. तिथं तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी मिळाली. तीत कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती होती, सोबत मातीचा बैल. ती पेटी जमिनीत पुरून ठेवलेली. मास्तरांची बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

डोळ्यांसमोर ठेवायचं तर धूळ आणि ऊन आलंच. शिरूरला उन्हाळ्यात तासाभरात टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. दाराच्या कडेला मखमलीची पट्टी चिकटवल्यावर धूळ बरीच अडली. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोरून हलवलं, कारण बैलांवरचा गेरू उन्हाला दाद देत नाही, पण त्यांच्या पाठीवरच्या कापडी झुली वर्षभरातच विटल्या होत्या.

दुसऱ्या कपाटानं तीन पावसाळे काढले आहेत. घरी असं कपाट करायला घेणाऱ्यांना मास्तर एकच सांगतात: कागदावरच्या आराखड्यावरून काच आणू नका. चौकट सांधून, वाळवून, खाचेत फूटपट्टी घालून माप घ्या, त्यातून एक सूत वजा करा आणि मगच काचवाल्याकडे जा.