विकला गेला म्हणजे काय रे भाऊ?

'सेलआउट' ही आमच्या ग्रुपमधली सगळ्यात जहरी शिवी. आवडता बँड जाहिरातीत दिसला, की सेलआउट. शास्त्रीय गाणारी मुलगी रिअॅलिटी शोमध्ये गेली, की सेलआउट. गंमत म्हणजे, शिवी देणारे सगळे एक तारखेला बँकेच्या मेसेजची वाट बघणारे!

हा आजार फक्त आपला नाही. अमेरिकेत बर्कलीला '९२४ गिलमन' नावाचा पंक क्लब आहे. त्यांचा तेव्हाचा नियम कडक होता: मोठ्या म्युझिक कंपनीशी करार केला, की स्टेज बंद. ग्रीन डे हा बँड इथेच वाढला. मग त्यांनी मोठी कंपनी धरली, १९९४ मध्ये 'डुकी' हा अल्बम आला, तुफान खपला आणि घरचंच दार बंद झालं. ग्रीन डे म्हणून तिथे पुन्हा वाजवायला २०१५ उजाडलं. पण मधल्या काळात, २००४ मध्ये, याच 'विकल्या गेलेल्या' पोरांनी 'अमेरिकन इडियट' काढला. इराक युद्ध चालू असताना आपल्याच देशाला खडे बोल सुनावणारा. तोही मोठ्या कंपनीकडूनच!

आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून भारी. अँथनी गोन्साल्विस. हो, १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातलं नाव. हे गृहस्थ खरेखुरे होते. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये वाजवायचे, अरेंजिंग करायचे. संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. ते नाव म्हणजे शिष्यानं गुरूला केलेला सलाम. पोट भरायचं ते फिल्मी कामावर. पण याच माणसानं १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भलामोठा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि आपल्या रागांवर बेतलेल्या स्वतःच्या सिंफनिक रचना वाजवून दाखवल्या. गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे! स्टुडिओतल्या ओळखींशिवाय हे जमलं असतं?

म्हणजे पैसे कुणाकडून घेतले, हा प्रश्नच नाही. घेतल्यावर स्वतःच्या सुरासाठी काय राखून ठेवलं, हा खरा प्रश्न.

माझा एक मित्र कॉलेजात बास गिटार वाजवायचा. आता जिंगल्स करतो. पंख्यापासून पनीरपर्यंत काहीही. ग्रुपमध्ये कुणी टोमणा मारला, की हसून सोडून देतो. एकदा मात्र मला म्हणाला, ''जाहिरातीची लाज नाही वाटत गं. भीती वाटते ती लॅपटॉपवरच्या एका फोल्डरची. माझी स्वतःची सात गाणी त्यात अर्धवट पडलीयेत. दोन वर्षं झाली, उघडलंच नाहीये.''

मला वाटतं, सेलआउटची खरी व्याख्या त्या फोल्डरमध्ये आहे. जाहिरातीचा क्लायंट गाणं विकत घेतो, तो व्यवहार झाला. पण रविवारची संध्याकाळही तोच घेऊन गेला, तर मात्र आपण सावध व्हायला हवं. हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः बिल्डरांची ब्रोशर्स लिहिते. 'निसर्गाच्या कुशीत टू बीएचके' वगैरे. त्या पैशांवर मला हवा तो लेख निवांत लिहिता येतो. म्हणून महिन्यातला एक आठवडा मी कुणालाच विकत नाही. मग भाडं द्यायला दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

आणि आपण श्रोते? आपल्याला कलाकार फाटक्या जीन्समधला, उपाशी आणि प्युअर हवा असतो. तोही फुकट! गाणी आपण फुकटात ऐकणार, गिगला ओळखीनं पास मागणार आणि त्यानं भाड्यासाठी जाहिरात केली, की नाक मुरडणार.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला 'विकला गेला' म्हणण्याआधी एक आठवून बघा. तो विकत मिळत होता, तेव्हा तुम्ही त्याचं तिकीट काढलं होतं का?