मरळीचा डोह

डोह बघताना अब्बा आधी कान लावायचे. कयाधूच्या काठी बाभळीखाली उकिडवे बसायचे, आम्हा भावंडांना गप्प करायचे. थोड्या वेळाने पाण्यावर ‘पच्च’ असा आवाज व्हायचा. “मरळ है,” ते हळूच म्हणायचे. मरळ हवेतला श्वास घेते, तिला वर यावंच लागतं. जिथे ती दोनदा वर आली, तिथे बरची घेऊन उभं राहायचं.

गढूळ पाणी नितळतं ते दिवाळीच्या मागेपुढे. तेव्हा ओढा नदीला मिळतो तिथलं संथ वळण बघायचं, पाण्यात उतरलेली मुळं, लव्हाळ्याची कड. सूर्य पाठीशी नको, आपली सावली माशावर पडते. सिद्धेश्वर, इसापूरचं पाणी मोठं. पण धरणातली मासेमारी ठेक्याची, तिथे आपली बरची न्यायची नाही, अशी ताकीद होती.

नेम मात्र चुकायचा. मासा दिसतो त्याच्या खाली असतो. आता दहावीला ‘इनइताफ’ शिकवताना आम्ही फळ्यावर मासाच काढतो. चार फूट खोल असलेला मासा वरून तीन फुटांवर दिसतो. पोरांना लगेच कळतं.

एका आषाढात ओढ्याच्या तोंडाशी पाण्यावर टोपलीएवढा लालसर डाग दिसला. मरळीची पिलं! खाली आई-बाप राखणीला असतात, हे ठाऊक होतं. जागा शोधायची गरजच नव्हती, पिलांनीच दाखवली होती. डागाच्या वीतभर खाली नेम धरला. पहिल्यांदाच अचूक लागला.

अम्मीने राख लावून मासा साफ केला. अब्बांनी विचारलं, “कहाँ मिली?” आम्ही फुशारकीने सांगितलं. त्यांनी ताटातला मासा बाजूला सारला आणि भाकरी चटणीशी खाल्ली. आम्ही हुज्जत घातली, मासा तर हलाल, त्याला जबह करणंही लागत नाही!

“हराम कौन बोल्या? भूक नै मेरेकू.”

दुसऱ्या दिवशी गेलो तर तो डाग तीन-चार तुकड्यांत फुटला होता आणि खालून दुसरे मासे झेपावत होते. तिसऱ्या दिवशी पाणी कोरं होतं.

अब्बांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. पुतण्या आम्हालाच जागा विचारतो. बाभळीखालची सांगितली, वळणावरची सांगितली. ओढ्याच्या तोंडाची अजून सांगितलेली नाही.