पालगडचे अंगण
दापोली तालुक्यातील पालगड येथे साने गुरुजींचे जन्मघर नुकतेच पाहिले. जन्म १८९९चा. स्नानानंतर पायांना माती लागू नये, असा हट्ट धरणाऱ्या बाळासाठी आईने आपले वस्त्र पसरले आणि मनही तसेच स्वच्छ राखण्यास सांगितले, ते हे गाव. त्याच आठवणींतून १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली.

बँकेत आयुष्यभर व्याज मोजले. परंतु बालपणी गुंतविलेल्या मुदलाचे मोल येथे उमगले. माझ्या मुलाची चित्रवही मी परीक्षेच्या काळजीने कपाटात बंद केली होती. घरी परतताच ती त्याच्या हाती दिली. तो काही बोलला नाही; पाने मात्र बराच वेळ उलटीत राहिला.