ताजबाग : दान आणि जामीन

नागपूरच्या सक्करदरा भागातून उमरेड रस्त्याने पुढे गेले की ताजबागेचा दर्गा लागतो. येथे बाबा ताजुद्दीन यांची समाधी आहे. वाटेवर याचक बसलेले असतात. कोणी वृद्ध, कोणी अपंग. येणारे भाविक यथाशक्ती त्यांच्या हातावर काही ठेवतात. मोहरमच्या २६ तारखेस बाबांचा उरूस भरतो. त्या दिवसांत येथे लंगर चालतो आणि त्यात सर्व धर्मांचे लोक जेवतात.

ज्यांच्या दारी इतक्यांना अन्न मिळते, ते बाबा स्वतः परक्यांच्या आधारावरच जगले. त्यांचा जन्म १८६१ सालचा, कामठीचा. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने ते आजोळी वाढले. पुढे फौजेची नोकरी सोडून त्यांनी फकिरी पत्करली, तेव्हा लोकांनी त्यांना वेडा ठरविले. १८९२ साली त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली व तेथे त्यांची सोळा वर्षे गेली. १९०८ साली रघुजीराव भोसले त्यांना जामीन राहिले आणि त्यांनी बाबांना सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवले. जामिनाची रक्कम चरित्रकार दोन हजार रुपये सांगतात.

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले होते. घराण्याचा निर्वाह इंग्रज सरकारच्या तनख्यावर चाले. दुसऱ्याने नेमून दिलेल्या रकमेवर जगणे म्हणजे काय, हे आश्रय देणाऱ्यालाही ठाऊक होते.

जामीन या शब्दाचे वजन व्यापारी कुटुंबांना सांगावे लागत नाही. दान दिले की देणारा मोकळा होतो. जामीन राहणारा मात्र दुसऱ्याच्या उद्याच्या वर्तनाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतो. जगाने वेडा ठरविलेल्या माणसासाठी अशी सही करणे सोपे नव्हते.

आपल्या पेढ्यांच्या वह्यांत धर्मादा खाते पूर्वापार चालत आले आहे. त्यात रक्कम लिहिली की त्या दिवसाचा हिशेब पुरा होतो. त्याच खात्यातून एखाद्या मुलाचे शिक्षण संपेपर्यंत, एखाद्या निराधार वृद्धेच्या औषधपाण्यासाठी अखेरपर्यंत जबाबदारी घेतली, तर घेणाऱ्याला दर महिन्याला नव्याने हात पसरावा लागणार नाही. ताजबागेस जाणाऱ्याने सक्करदऱ्याच्या त्या वाड्याचीही आठवण ठेवावी, ती एवढ्यासाठीच.