तीन गावं, दोन रखवालदार

आमच्या तीन गावांना मिळून एकच पोलीस पाटील. १९६७च्या कायद्यात तशी सोय आहे. २०२४ला मानधन १५ हजार झालं, चांगलंच झालं. पण रात्री दोनला विहिरीवरची मोटर गेली तर ते एकटे कुठं कुठं धावणार?

पंधराव्या वित्त आयोगाच्या ४० टक्के अबंधित निधीतून पगार देता येत नव्हता. कॅमेरे घेता येत होते. म्हणून चौकात कॅमेरे आले, बघायला कोणी नाही. (बिल मात्र वेळेवर निघालं हो!)

तिन्ही ग्रामपंचायतींनी स्वनिधीतून, ज्याच्या त्याच्या घरपट्टीच्या प्रमाणात वाटा घालावा आणि रात्रपाळीला दोन रखवालदार ठेवावेत. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडतोय. घरपट्टी थकलेल्यांनीही या, फक्त भरून या.